दादाची डॉक्टरेट

गणपतीत आत्याकडे बडोद्याला गेलो होतो. जेवणं झाल्यावर दादाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, मला गच्चीवर नेलं आणि मोबाइल पुढे धरला. "तू कॉम्प्युटरवाला ना? हे जरा वाच."

परदेशी विद्यापीठाची डॉक्टरेट होती. घरबसल्या, नोकरी सांभाळून, तीन वर्षांच्या आत. फी सहा हप्त्यांत. पहिला हप्ता, ९० हजार, भरून झाला होता. "वहिनीला?" मी विचारलं. तो खाली रस्त्याकडे बघत राहिला.

दादा ४४ वर्षांचा. एमबीए करून एका कंपनीच्या खरेदी विभागात लागला, त्याला आता १९ वर्षं झाली. गेली तीन वर्षं दर शनिवारी एका कॉलेजात पाहुणा म्हणून शिकवायला जातो. शनिवारी रात्री फोन केला की आवाजावरूनच कळतं. काका शाळेत गणित शिकवायचे, तो गुण कुठेतरी उतरला असणार. त्याला आता पूर्णवेळ शिकवायचं आहे आणि त्यासाठी नावापुढे 'डॉ.' हवं असं त्याने धरलं होतं.

आमच्या धंद्यात बारीक अक्षरातला मजकूर वाचायची सवय लागते. या कराराच्या शेवटच्या पानावर होतं की भारतात पदवीची मान्यता तपासून घेणं ही विद्यार्थ्याची जबाबदारी. जाहिरातीत हे नव्हतं.

मग यूजीसीचे नियम काढले. ७ नोव्हेंबर २०२२ च्या राजपत्रातले पीएचडीचे नियम स्पष्ट आहेत. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी देता येत नाही. त्याच्या आदल्याच महिन्यात यूजीसी आणि एआयसीटीई यांनी मिळून लोकांना जाहीर सावध केलं होतं की एडटेक कंपन्या परदेशी संस्थांबरोबर चालवतात त्या ऑनलाइन पीएचडींना मान्यता नाही.

"पण ही पीएचडी नाही रे, डीबीए आहे," दादा म्हणाला. खरं आहे. डीबीए ही व्यवसायातल्या माणसाने आपल्याच कामातला प्रश्न घेऊन संशोधन करायची पदवी. चांगल्या विद्यापीठातून केली तर शिकायला भरपूर मिळतं, सल्लागार म्हणून वजनही वाढतं. पण इथल्या कॉलेजांत प्राध्यापकाच्या पात्रतेत जी मोजली जाते ती पीएचडी. दादाला कॉलेजच्या दारातून आत जायचं होतं.

गंमत पुढेच आहे. आत शिरायला पीएचडी लागतेच असं नाही! एआयसीटीईच्या कॉलेजात व्यवस्थापनाचा सहायक प्राध्यापक व्हायला पहिल्या वर्गातलं एमबीए आणि त्यानंतरचा दोन वर्षांचा अनुभव हा पाया धरला आहे. विद्यापीठांच्या बाबतीत यूजीसीने २०२३ मध्ये थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट ठेवली आणि पीएचडी ऐच्छिक केली. खरी अडचण पुढच्या पायरीला. सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएचडी हवीच, आणि पंचेचाळिशीत आत गेलेल्या माणसाला त्याच पायरीवर निवृत्त व्हायचं नसतं.

'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'चाही रस्ता मी सुचवला. १५ वर्षांचा अनुभव असला की पीएचडीची अट नाही. पण मुदत तीन वर्षं, फार तर चार. दादाने बोटांवर हिशोब केला. "तेव्हा चिनू बारावीत असेल," एवढंच म्हणाला.

राहिली अर्धवेळ पीएचडी. ही त्याच २०२२ च्या नियमांत बसते, फक्त रीतसर करावी लागते. प्रवेशाला नेटचे गुण किंवा विद्यापीठाची परीक्षा, मग मुलाखत. किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क. कमीत कमी तीन वर्षं, साधारण सहापर्यंत. मार्गदर्शक मिळवणं हे वेगळंच प्रकरण, कारण एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा आणि सहायकाकडे चारच विद्यार्थी चालतात. जागा रिकामी असली तरी त्याला तुमच्या विषयात रस हवा. दादाने दोन प्राध्यापकांना पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं नाही. दुसऱ्यांनी बोलावलं आणि तासभर फक्त एकच विचारलं, "तुमचा प्रश्न काय आहे?" दादा सांगत राहिला की मी १९ वर्षं काय केलं. "ते झालं काम. प्रश्न काय?" घरी आला तो गप्पच.

आता त्याने विषय धरला आहे. छोटे पुरवठादार मोठ्या कंपनीकडून पैसे वेळेत येत नाहीत तेव्हा काय काय करतात? हे त्याने टेबलाच्या या बाजूने बसून पाहिलेलं आहे, आणि थोडं टोचतही असावं.

वहिनीला शेवटी आठवडाभराने सांगितलं. ती हप्त्यावर चिडली नाही, लपवल्यावर चिडली. ९० हजार परत मिळायचे नाहीत, करारात तेही बारीक अक्षरात होतंच. उरलेले पाच हप्ते वाचले ही तिची बाजू.

अडलं आहे ते कंपनीच्या ना-हरकत पत्रावर. नियमानुसार त्यात तीन गोष्टी लागतात: अर्धवेळ पीएचडी करायची परवानगी आहे, नोकरी सांभाळून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं करू. पहिल्या दोनांवर साहेबांनी मान डोलावली. तिसरं वाचून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे तू सोडून चाललास का?"

दादा खोटं बोलत नाही. म्हणाला, "आत्ता नाही. चार-पाच वर्षांनी, हो."

पत्र अजून साहेबांच्या टेबलावर आहे. अर्जाची मुदत महिनाअखेरची. काल दादाचा मेसेज आला, नेटच्या पहिल्या पेपरचं पुस्तक कुठलं घेऊ म्हणून. मी बीईवाला, मला काय ठाऊक? पण विचारून सांगतो म्हटलं.