बंदरावरचे सहा तास : पहिल्या जहाजसफरीची आखणी



मुरुम, उमरगा, आळंद या पट्ट्यातल्या आपल्या घरांची सहल बहुतेक ठरलेली असते. गुलबर्ग्याला ख्वाजा बंदानवाजांचा दर्गा, नळदुर्गचा किल्ला आणि पाणीमहाल, फार तर विजापूरचा गोलघुमट. जीप ठरवायची, डबा बांधायचा, दादीला पुढच्या सीटवर बसवायचे आणि निघायचे. उशीर झाला तर ड्रायव्हर दोन शब्द ऐकवतो, पण थांबतो.

अलीकडे काही घरांत वेगळी चर्चा सुरू झाली आहे. मुलगा पुण्यात किंवा दुबईत कमावता झालेला असतो. तो म्हणतो, अम्मी-अब्बांना आणि दादीला एकदा जहाजातून फिरवून आणू. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी आता निघतात. कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’ हे जहाज २०२१ पासून या मार्गांवर आहे. तिकिटाची चौकशी सगळे करतात. जहाज बंदराला लागल्यावर खाली उतरून काय करायचे, हा प्रश्न मात्र जहाजात बसल्यावर सुचतो. तोपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून या महिन्यात त्याच आखणीबद्दल लिहितो.

पाण्याचा प्रवास आपल्या घरांना नवा नाही. १९९५ पर्यंत हाजींची जहाजे मुंबईहून जेद्दाला जात. तुमच्या घरातही कोणी नाना-दादा त्या जहाजाने गेले असतील. पण त्या प्रवासाचा मुक्काम एकच होता आणि नियतही एकच. आजच्या सफरीत दर बंदरावर उतरायचे, पाहायचे आणि वेळेत परत चढायचे असते. जहाज जीपसारखे थांबत नाही. सारी आखणी या एका गोष्टीवरून करावी लागते.

वेळ उलटी मोजा

समजा जहाज सकाळी ८ वाजता बंदराला लागते आणि संध्याकाळी ५ वाजता सुटते. ऐकायला नऊ तास वाटतात. हातात किती उरतात ते पाहू. प्रवाशांनी सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी जहाजावर परत यायचे असते, म्हणजे ४ वाजता. बंदराच्या फाटकावर तपासणी, रांग आणि रस्त्यातली कोंडी यांसाठी आणखी एक तास राखून ठेवा. म्हणजे ३ वाजता फाटकाशी. सकाळी नाश्ता, लिफ्टची गर्दी आणि तपासणी यांत ९ वाजतात. नऊ तासांचे सहा झाले. जोहरची नमाज, जेवण आणि दादीची विश्रांती याच सहा तासांत बसवायची आहे.

म्हणून एका बंदरावर एकच मोठे ठिकाण ठरवा. ते ठरवताना घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या पायाने मोजा. तरुण मुले इंटरनेटवर पाहून सात ठिकाणांची यादी करतात. दुपारी दादी टॅक्सीत बसून राहते, सुना कडेवर मूल घेऊन मागे पडतात आणि यादीवाला घड्याळ दाखवत पुढे पळतो. त्या सफरीतून फोटो येतात, समाधान येत नाही.

गोवा

मोठी जहाजे मुरगाव बंदराला, म्हणजे वास्कोजवळ लागतात. जुने गोवे आणि पणजी तिथून साधारण ३० किलोमीटरवर आहेत; झुआरीचा पूल ओलांडून जावे लागते. फोंड्याची साफा मशीद दुसऱ्या दिशेला आहे. ही मशीद आदिलशाही काळातली, १५६० ची. बाजूला दगडी बांधकामाचा मोठा हौद आहे. नळदुर्गचा किल्लाही आदिलशाहीत होता, तेव्हा आपल्या मुलांना हा धागा सहज दाखवता येईल. जुन्या गोव्यात आदिलशहाच्या वाड्याची दगडी चौकट अजून उभी आहे, आणि जवळच पोर्तुगिजांची भव्य चर्चेसही आहेत.

फोंडा की जुने गोवे, एक काहीतरी निवडा. टॅक्सीचे भाडे बसण्यापूर्वी ठरवा आणि थांबण्याचा वेळ त्यात धरला आहे का, हे स्पष्ट विचारा. घरात सहा-सात माणसे असतील तर एक मोठी गाडी करणे जहाजाच्या सहलीपेक्षा बहुधा स्वस्त पडते आणि दादीच्या सोयीने थांबताही येते.

कोची

इथे जहाज विलिंग्डन बेटावर लागते. फोर्ट कोची आणि मट्टांचेरी जवळ आहेत. चिनी जाळी, मसाल्याच्या वखारी, डच पॅलेस, १५६८ चे यहुदी सिनेगॉग हे सगळे एका पट्ट्यात येते. वार मात्र पाहा. डच पॅलेस शुक्रवारी बंद असतो आणि सिनेगॉग शनिवारी. मट्टांचेरीत कच्छी मेमन मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तिथे त्यांची मशीदही आहे. म्हणजे जोहरची आणि जेवणाची सोय एकाच भागात होते.

पण बुजुर्गांच्या मनात वेगळेच नाव असते : कोडुंगल्लूरची चेरामन जुमा मशीद. परंपरेनुसार ती ६२९ सालची, हिंदुस्थानातली पहिली मशीद मानली जाते. कोचीहून ती साधारण ३५ ते ४० किलोमीटरवर आहे. वाहतूक धरून जायला दीड तास, यायला दीड तास. तिथे एक तास आणि जेवणाला एक तास धरला तरी सहातले पाच तास गेले. मट्टांचेरी मग सोडावी लागेल.

घरात वाद होतो तो इथेच. तरुण म्हणतात, इतके लांब दादीला झेपणार नाही. जरा विचार करा. मट्टांचेरीच्या गल्ल्यांत चालावे लागते, चढ-उतार करावा लागतो. कोडुंगल्लूरला बहुतेक वेळ गाडीत बसून जायचे असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला लांबचे ठिकाण कधी कधी जवळच्यापेक्षा सोपे पडते. आपणच परस्पर ठरवण्याआधी दादीला विचारा. ती कदाचित ‘जहाजातच बसते, तुम्ही जा’ म्हणेल. ते मनापासून आहे की तुमच्यावर भार नको म्हणून, हे घरच्यांना कळते.

कोडुंगल्लूर ठरलेच तर फाटकातून निघून थेट तिकडे जा. लांबचे आधी, जवळचे शेवटी, हा नियम मोडू नका. परतीला वेळ उरला तर फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर चहा घेता येईल. नाही उरला तर काही बिघडत नाही. जहाजाचा मुक्काम आठ तासांपेक्षा कमी असेल तर हा बेत सोडून द्या.

लक्षद्वीप

इथली बहुतेक सर्व वस्ती मुस्लिम आहे. बेटांवर जायला परवाना लागतो. तो सफरीच्या तिकिटात धरला आहे का, हे आधी विचारा. जहाज खोल पाण्यात उभे राहते आणि लहान होडीतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या होडीत पाय टाकणे वयस्क माणसांना अवघड जाते. समुद्र खवळला तर उतरणे रद्दही होते. दोन्ही गोष्टी घरात आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी मन मोडत नाही.

ज्यांना बेटेच पाहायची आहेत, त्यांच्यासाठी लक्षद्वीप प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या संस्थेची ‘समुद्रम्‌’ नावाची सफर आहे. ती कोचीहून एम. व्ही. कवरत्ती या जहाजाने निघते. रात्री जहाजावर आणि दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशा बेटांवर, असा तिचा क्रम असतो. कवरत्तीच्या उजरा मशिदीचे कोरीव लाकडी छत पाहण्यासारखे आहे. मिनिकॉयला १८८५ चे दीपगृह आहे. बेटांवर अंगभर कपडे घाला आणि प्रवाळाचा तुकडाही उचलू नका. त्याला कायद्याने मनाई आहे.

नमाज, जेवण, कागद

मुरुमहून निघालेला माणूस मुंबईच्या आधीच मुसाफिर होतो. जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज कसर करून दोन होतात. मुसाफिरावर जुमा फर्ज नाही, पण शुक्रवारी मशिदीजवळ असाल तर जमातीत सामील व्हायला हरकत नाही. केरळ आणि लक्षद्वीपमध्ये शाफई मसलक चालतो, त्यामुळे तिथे असरची जमात आपल्या हनफी वेळेच्या आधी उभी राहते. काय करायचे ते निघण्यापूर्वी आपल्या मौलानांना विचारून घ्या. सगळ्याच मशिदींत बायकांसाठी जागा नसते, म्हणून एक जानमाज आणि वजूसाठी पाण्याची बाटली सोबत असू द्या.

हलाल मांसाबद्दल तिकीट काढतानाच लेखी विचारा. खात्री नसेल तर मासे आणि शाकाहार आहेच.

उतरताना प्रत्येकाच्या खिशात जहाजाचे कार्ड, ओळखपत्र, थोडी रोकड आणि बंदरावरच्या एजंटचा नंबर कागदावर लिहिलेला असावा. मोबाइलची बॅटरी संपते, कागद संपत नाही. दादीची दिवसभराची औषधे केबिनमध्ये न ठेवता पिशवीत घ्या.

पावसाळ्यात अरबी समुद्र उसळलेला असतो. ऑक्टोबरनंतरचे महिने पाहा. सोलापूरहून रात्री सुटणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला पोहोचवते आणि तिथून बॅलार्ड पियर जवळच आहे. तरी वयस्क माणसे असतील तर जहाजाच्या एक दिवस आधी मुंबई गाठा.

युरोपातून बोलावणे आले तर

काहींची मुले जर्मनी-स्वीडनकडे आहेत आणि ती बाल्टिक समुद्राच्या सफरीचे नाव काढतात. हिशेब तिथेही हाच. एस्टोनियातल्या टॅलिन शहराची जुनी पेठ बंदरापासून चालण्याच्या अंतरावर आहे. तिथे सहलीवर पैसे घालवू नका. उलट जर्मनीच्या वार्नेम्युंडे बंदरावरून बर्लिन दाखवतात, ते एका बाजूने जवळजवळ तीन तास आहे. तिथे जहाजाच्या सहलीनेच जावे, कारण तिला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते किंवा कंपनी पुढची सोय करते. स्वतःच्या गाडीने गेलात तर जबाबदारी तुमची. जवळचे स्वतः, फार लांबचे जहाजाबरोबर, हे कुठल्याही बंदराला लागू आहे.

स्टॉकहोमची मोठी मशीद जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत २००० साली सुरू झाली. जून महिन्यात हेलसिंकीला सूर्य रात्री पावणेअकराच्या सुमारास मावळतो आणि पहाटे चारला उगवतो. मगरिब, इशा, फज्र यांचे वेळापत्रक तिथल्या मशिदीकडून घ्या. फिनलंड आणि एस्टोनियाचे घड्याळ स्वीडनपेक्षा एक तास पुढे असते, म्हणून परतीची वेळ जहाजाच्या घड्याळावरच पाहा.

एक काम आजच

बेत ठरवताना घरातल्या प्रत्येकाला एकेक बंदर द्या. गोवा मुलांचे, कोची दादीचे, लक्षद्वीप अम्मीचे. ज्याचे बंदर, त्याची निवड. बाकीच्यांनी त्या दिवशी त्याच्या चालीने चालायचे. दर बंदरावर दोन तास मुले पुरुषांनी सांभाळायची, म्हणजे त्यांच्या आयांनाही हात मोकळे ठेवून समुद्र पाहता येईल. अशी सफर बहुतेक घरांत एकदाच होते. पैसा सगळ्यांच्या कष्टाचा असतो, तेव्हा दिवसही सगळ्यांच्या वाट्याला यावा.

अल्लाह आपल्या सर्वांची सफर आसान करो. खुदा हाफिज.