विश्लेषण : विंडोज १० नंतर लिनक्स सामान्यांना पेलेल?

विंडोज १० या प्रणालीची नियमित सुरक्षा अद्यतने मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून आणखी एक वर्ष अद्यतने घेण्याची मुभा मिळाली, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ पूर्वी घेतलेले, अजून ठणठणीत असलेले बहुतेक संगणक अडकले. ‘लिनक्स टाका, फुकट आहे’ हा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. तो कितपत व्यवहार्य?

लिनक्स वापरायला अवघड असते का?

ही समजूत आता बरीच जुनी झाली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहिलेल्या लिनक्सच्या गाभ्यावरच हातातला अँड्रॉइड फोनही चालतो. लिनक्स मिंट ही आवृत्ती पाहिली, तर खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, सारे ओळखीचे. ब्राउझर, ईमेल, यूट्यूब यांत फरक जाणवत नाही. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही ती चालते.

मग अडते कुठे?

संगणकाला जोडलेल्या आणि त्याच्याभोवतीच्या गोष्टींत. छोट्या कार्यालयांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर घ्या. त्याचे लिनक्ससाठीचे ड्रायव्हर जुने आहे आणि ते बसवताना टर्मिनलच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतात. एचपीचे अनेक प्रिंटर मात्र जोडताच चालतात. टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनते. वाइन हे साधन वापरून विंडोजची काही सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवता येतात, पण दुकानाचा हिशेब अशा जुगाडावर सोपवणे धोक्याचे. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचेही तसेच; लिनक्सचे ड्रायव्हर मिळते का, हे आधी पाहावे लागते.

याहून मोठी अडचण माणसांची. संगणक बिघडला की गल्लीतला दुरुस्तीवाला अर्ध्या तासात विंडोज टाकून देतो. लिनक्स म्हटले की बहुतेक जण हात वर करतात. सोपेपणा पडद्यावर जितका असतो, तितकाच तो शेजारी असतो.

मराठीत काम करता येते?

युनिकोड मराठी उत्तम दिसते. इनस्क्रिप्ट कळफलक सेटिंगमधूनच जोडता येतो, उच्चारानुसार टाइप करण्याचीही सोय आहे. खटका उडतो तो जुन्या फायलींशी. मंगल हा फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा असल्याने लिनक्ससोबत येत नाही. वर्डमध्ये केलेला अर्ज लिब्रेऑफिसमध्ये उघडला की ओळी सरकतात, एका पानाची दोन पाने होतात. श्रीलिपीवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या डीटीपी चालकाने तर या वाटेला न गेलेलेच बरे.

मोठ्या प्रमाणावर कुठे जमले?

केरळच्या सरकारी शाळांत. तिथे लिनक्स नुसते बसवले गेले नाही. त्यावर आधारित पाठ्यपुस्तके आली, शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. त्यामागे राजकारणही होते, पण इतर कार्यालयांच्या फायलींशी न जुळण्याची तक्रार तिथेही होतीच.

कोणी बदल करावा?

ज्या घरात संगणक म्हणजे ब्राउझर, मुलांचा अभ्यास आणि अधूनमधून एखादे पत्र, तिथे लिनक्स बिनधास्त चालेल. हिशेब, डीटीपी किंवा कार्यालयाच्या ठरावीक सॉफ्टवेअरवर पोट असेल, तर त्या संगणकाला तूर्त हात लावू नये. ठरवण्यापूर्वी लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहता येते. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. त्याच वेळी वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर तपासावा. पक्के बसवताना मात्र ‘डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला, तर जुने फोटो, फायली सगळे जाते. त्यांची प्रत आधीच वेगळी काढून ठेवावी.