तांबडा ठिपका

ज्या खेळात पंच नसतो त्या खेळात फसवणे सर्वांत सोपे असते. आणि माझ्या मते म्हणूनच तो खेळ प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी खेळून पाहावा. हे मत मी पुस्तकातून उचललेले नाही. त्यासाठी मला बदामीच्या कड्यावर जावे लागले, आणि सुरतेला घरी जाऊन शरमिंदे व्हावे लागले.

आम्ही मूळचे खानदेशातले, पण माझा जन्म सुरतेचा. लिंबायत भागात पोटासाठी आलेली आमच्यासारखी पुष्कळ मराठी घरे आहेत. आबा यंत्रमागावर काम करतात. तापीकाठचे आमचे शहर तव्यासारखे सपाट. तिथे चढण म्हणजे उड्डाणपुलाचीच! मामांच्या नोकरीमुळे मी इकडे बेळगावला शिकायला आलो आणि गेल्या हिवाळ्यात मित्रांबरोबर बदामीला गेलो.

बदामी आपल्याला ठाऊक असते ती लेण्यांसाठी. तिसऱ्या लेण्यातील शिलालेख शके ५०० चा, म्हणजे इ. स. ५७८ चा. चालुक्यांच्या कारागिरांनी ज्या तांबड्या वालुकाश्मात ती लेणी कोरली, त्याच दगडाचे कडे गावाभोवती उभे आहेत, आणि तिथे देशोदेशीचे लोक ‘स्पोर्ट क्लाइंबिंग’साठी येतात. सह्याद्रीतल्या गडाप्रमाणे इथे माथा गाठायचा नसतो. एका दोराच्या लांबीत संपणारी, वीस-पंचवीस मीटरची वाट असते. कातळात भोके पाडून पोलादी बोल्ट आधीच बसवलेले असतात. चढणारा एकेका बोल्टला कडी लावून तिच्यात आपला दोर अडकवत वर जातो. खाली साथीदार, ज्याला बिलेयर म्हणतात, तो दोर सांभाळतो. दोर चढण्यासाठी नव्हे. पडलो तर झेलण्यासाठी. चढायचे ते स्वतःच्या हातापायांनी. वरच्या साखळीपर्यंत एकदाही दोरावर भार न टाकता पोहोचलो, तरच वाट चढली असे म्हणायचे. मध्येच दोराला लटकून दम खाल्ला, तर पुन्हा पायथ्यापासून सुरुवात.

हा दंडक रूढ केला तो जर्मनीच्या कुर्ट आल्बर्ट या गिर्यारोहकाने. १९७५ च्या सुमारास फ्रांकेनयुरा भागातील कड्यांवर जी वाट तो अशी निखळ चढे, तिच्या पायथ्याशी तो तांबड्या रंगाचा ठिपका काढी. त्यावरून अशा चढाईला जगभर ‘रेडपॉइंट’ म्हणतात. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की ठिपका काढणारा कोणी पंच नव्हता. चढणाऱ्यानेच तो काढायचा होता.

माझी वाट सहा-बी दर्जाची होती. बदामीतलीच ‘गणेश’ ही आठ-बी-प्लस दर्जाची वाट मुरलेल्यांनाही घाम फोडते. तिच्यापुढे माझी वाट म्हणजे बालवर्ग. पण मला तीच कळसूबाई होती. पाचव्या बोल्टच्या वर कडा पोट काढून पुढे येतो. तिथे बोटे अर्ध्या पेरापुरती टेकतात आणि पाय कुठे ठेवावा ते दिसत नाही. दोन दिवसांत मी तिथून नऊ वेळा पडलो. तिसऱ्या दिवशी पकड सुटू लागली तसा मी ओरडलो, “बिगी हिडी!” म्हणजे घट्ट धर. माझा बिलेयर कानडी विभागातला मित्र. त्याने दोर ताणला. मी जेमतेम दहा सेकंद लटकलो, हात झटकले आणि उरलेली वाट चढून साखळी गाठली. खाली टाळ्या पडल्या. मित्राने माझ्याकडे पाहिले, पण तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत सुरतेला गेलो. आबांनी साऱ्या गल्लीत सांगून ठेवलेच होते. चहा पिताना त्यांनी सहज विचारले, “का रे, त्या दोराला धरून तर नाही ना चढलास?” मी ऐटीत समजावले की दोरावर भार टाकला तर चढाई बाद होते. “आणि तू नाही टाकलास?” मी म्हणालो, “नाही.”

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कारखान्यात गेलो. ताण्याचा एक तार तुटला होता. आबांनी माग थांबवला, गाठ मारली, पुन्हा सुरू केला. त्यांची मजुरी मीटरवर. माग थांबला की पैसे बुडतात. शेजारच्या मागावरचा पोरगा ओरडून म्हणाला, “काका, एका तारानं काय होतं?” आबा म्हणाले, “ताक्यात कुणाला दिसणार नाही. मला माहीत राहतं ना!”

त्या रात्री मी त्यांना खरे सांगितले. ते रागावले नाहीत. “मग परत जा,” एवढेच म्हणाले.

कोणी विचारील, दहा सेकंदांच्या खोट्याने कोणाचे काय बिघडले? बिघडते. वाटेचा दर्जा चढून आलेल्यांच्या सांगण्यावरूनच ठरत असतो. सगळेच खोटे बोलू लागले, तर त्या सहा-बीला अर्थ उरणार नाही, आणि सोपी समजून एखादा नवखा भलत्याच वाटेला लागेल. आता आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलकडे पाहा. उत्तर आधी ठरवून मागाहून बसवलेली रीडिंगे आपल्यापैकी कितीजणांनी लिहिली नाहीत? सरांची सही मिळते, टाळ्या पडतात. आपण लटकलो होतो हे फक्त आपल्याला आणि शेजारच्या टेबलावरच्या मित्राला ठाऊक असते.

२०२१ मध्ये टोकियोत हा खेळ प्रथमच ऑलिंपिकमध्ये आला. तिथे पंच असतात, घड्याळ असते. दोर लावून चढायच्या भिंतीवर सहा मिनिटे मिळतात आणि पडलो की संपले. तेव्हापासून आपल्या महाविद्यालयातही चढाईची भिंत हवी असे काही मित्र म्हणतात. जरूर उभारावी. मात्र माझी एक सूचना आहे. तिथे बक्षिसांचे कपाट ठेवण्याआधी पायथ्याशी एक साधी वही टांगावी. जो चढेल त्याने आपली चढाई स्वतःच लिहावी, आणि कुठे लटकलो तेही लिहावे. प्राध्यापकांनी ती वही तपासू नये. न तपासताही ती खरी राहिली, तर भिंतीचा खर्च वसूल झाला असे समजावे.

त्या वहीत पहिली नोंद करायला मी तयार आहे. बदामी, सहा-बी, पाचव्या बोल्टच्या वर दहा सेकंद लटकलो. वाट अजून चढायची आहे.