बैठकीचा डेटा कुणाच्या पॅकमधून?

बऱ्याच गटांकडे आता लॅपटॉप आला, टॅबही आला. इंटरनेटची वेगळी जोडणी मात्र नाही. मग एखादी कार्यकर्ती आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू करते. तिचा दिवसाचा दीड जीबीचा पॅक दुपारीच संपतो, वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि संध्याकाळी मुलीचा अभ्यास अडतो. एसटीचं तिकीट आपण हिशोबात लावतो, झेरॉक्सची पावती जपतो. हा खर्च मात्र तिच्या 'बांधिलकी'त जमा होतो. घरात बाईच्या श्रमाचं जे होतं, तेच आपण संघटनेत करतो आहोत.

आधीच २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया होत्या ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. त्यात जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी रिचार्ज महाग केलं.

बरं, डेटा जातो कुठे? अहवाल पाठवण्यात फारसा नाहीच. लॅपटॉप बऱ्याचदा हॉटस्पॉटला साधं वायफाय समजतो आणि आपली भलीमोठी अपडेट्स उतरवत बसतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये, त्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' सुरू केलं की बहुतेक अपडेट्स थांबतात. प्रत्येक मैत्रिणीच्या हॉटस्पॉटसाठी हे एकेकदा करायला हवं. (अपडेट्स कायमची टाळू नयेत, फुकट वायफाय मिळेल तिथे उरकावीत.) अँड्रॉइड टॅबवर 'डेटा सेव्हर', आयपॅडवर 'लो डेटा मोड' आहे. यूट्यूबचा ऑटोप्ले बंद करावा, चित्राचा दर्जा उतरवावा. प्रशिक्षणाची फिल्म दर बैठकीला नव्याने नेटवरून कशाला दाखवायची? आपली असेल तर पेनड्राइव्हवर फिरवावी. ऑनलाइन बैठकीत कॅमेरे बंद ठेवले तर खर्च बराच उतरतो. पण एखादी बाई पहिल्यांदाच आपली हकिगत सांगत असेल, तर तिला समोर चेहरे दिसू देत. तिथे काटकसर नको.

आणि काटकसर करूनही जे उरतं, ते तिच्या माथी का? बहुतेक अँड्रॉइड मोबाईलच्या 'डेटा युसेज'मध्ये हॉटस्पॉटला गेलेला डेटा वेगळा दिसतो. महिनाअखेरीस तो आकडा वहीत उतरवावा आणि त्या हिशोबाने तिला रिचार्जचे पैसे द्यावेत. 'एवढ्याशा रकमेचं काय' असं ती स्वतःच म्हणेल. तरी द्यावेत. पुढच्या अंदाजपत्रकात प्रवासखर्चाच्या खाली ही एक ओळ घातली, तर ती मागायची वेळही तिच्यावर येणार नाही.