आधी बाग, मग ग्लास

आयटीवाल्याला युरोपात ऑनसाईट मिळालं की दोन गोष्टी हमखास घडतात. पहिल्या आठवड्यात अपार्टमेंटमध्ये कुकरची शिट्टी वाजते आणि तिसऱ्या महिन्यात युरोप ट्रिपची एक्सेल शीट तयार होते. हल्ली या शीटमध्ये आयफेल टॉवरच्या खाली आणखी एक ओळ असते : 'बोर्डो वाईन टूर, २ दिवस'.

जा की, खुशाल जा. वाईन प्यायला माझा विरोध नाही आणि फ्रान्सला तर नाहीच नाही. माझं भांडण आहे ते त्या शीटशी. तिच्यात ट्रेन आहे, हॉटेल आहे, शातोची अपॉइंटमेंट आहे, गाडी कोण चालवणार हेसुद्धा आहे. नाही ते फक्त द्राक्ष! सुट्टी मे महिन्यात मिळते म्हणून मे महिन्यात जायचं. तिकडे तोडणी असते सप्टेंबर-ऑक्टोबरात. मे मध्ये वेलीवर नुसती पानं बघून यायची आणि 'व्हिनयार्ड पाहिलं' म्हणून सांगायचं.

गंमत म्हणजे तिथला गाईड आधी ग्लास हातात देतच नाही. तो मातीबद्दल बोलतो. नदीच्या डाव्या काठाला खडीची जमीन, म्हणून तिथे काबेर्ने सोव्हिन्यों. उजव्या काठाला चिकणमाती, म्हणून मेर्लो. अमुक साली पाऊस कधी पडला, तमुक साली ऊन किती होतं. आपली पोरं माना डोलावत ऐकतात, आणि त्यासाठी युरो मोजतात.

हीच पोरं नाशिकला काय करतात? शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी टेस्टिंग, सेल्फी, पिझ्झा, रविवारी परत. छाटणी वर्षातून किती वेळा होते, विचारून बघा. दोनदा, राव! एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळ छाटणी, आणि पीक मात्र एकच. फ्रान्सची वेल हिवाळ्यात झोपते, आपली झोपतच नाही, म्हणून ही कसरत. जानेवारी ते मार्च हा आपला तोडणीचा हंगाम. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस आला तर डाऊनी, मग भुरी, आणि फुलोऱ्यात ढगाळ हवा राहिली की शेतकऱ्याची झोप उडाली. हे कुठल्याही टेस्टिंग रूमच्या गप्पांपेक्षा थरारक आहे, पण ऐकायला कोण थांबतो?

मी धाराशिव जिल्ह्यातला. आमच्याकडे तुळजापूर तालुक्यात द्राक्षबागा आहेत, बहुतेक खायच्या द्राक्षांच्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली तेव्हा तोडणीला आलेले घड मातीत गेले. त्यामुळे 'शेतकऱ्यांसाठी वाईन' हे वाक्य ऐकलं की मला पुढचं वाक्यही ऐकायचं असतं. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वायनऱ्या उभ्या राहिल्या, शेतकऱ्यांनी वाईनची द्राक्षं लावली. २००८ च्या मंदीनंतर मागणी आटली आणि माल पडून राहिला. आता वाईनच्या द्राक्षाची अडचण अशी, की त्याचा मणी लहान, साल जाड आणि आत बिया. बाजारात हातगाडीवर ते कोण घेणार? अनेकांनी बागा तोडल्या, स्वतःच्या खर्चाने.

पुढे जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. देणारे म्हणाले शेतकऱ्याचं भलं, विरोध करणारे म्हणाले समाजाचं वाटोळं. निर्णय अडकला. द्राक्षाला हमी कोण देणार, हा प्रश्न दोन्हीकडच्या आरडाओरड्यात बुडाला तो बुडालाच.

आणि हो, बोर्डोतसुद्धा सगळं आलबेल नाही. वाईनचा खप घटला म्हणून २०२३ मध्ये तिथे सुमारे ९,५०० हेक्टर वेली उपटण्याची योजना आली, हेक्टरी ६,००० युरो भरपाईसकट. म्हणजे संकट दोन्हीकडे आलं. फरक इतकाच, की तिथे वेल उपटायचेही पैसे मिळतात आणि इथे लावायचं कर्जही अंगावर राहतं. हा फरक ज्याला दिसला त्याची बोर्डो ट्रिप वसूल झाली, असं मी म्हणेन.

'अरे, आम्ही मजा करायला जातो, कृषी विद्यापीठात नाही' असं कोणीतरी म्हणणारच. मान्य. पण मग गाईडच्या मातीपुराणाला माना का डोलावता? मजा त्या गोष्टीतच आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे. ती गोष्ट मराठीत, मळलेला सदरा घातलेल्या माणसाने सांगितली की शेती होते, आणि फ्रेंच उच्चारात सांगितली की संस्कृती. माझा राग यावर आहे.

संस्कृतीच हवी असेल तर आमच्या तेरला या. तेर म्हणजे प्राचीन तगर. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय की तगरचं कापड गाड्यांतून भडोचला जायचं, आणि त्याच भडोच बंदरात इटलीची वाईन उतरायची. म्हणजे वाईनच्या व्यापाराशी आमचा संबंध दोन हजार वर्षांचा आहे, कॉर्पोरेट ऑफसाईटचा नाही. तिथल्या सरकारी संग्रहालयात अर्धा दिवस सहज जातो.

तेव्हा शीट बनवाच, पण कॉलम बदला. फेब्रुवारी धरा. पहिला दिवस कुठल्यातरी बागेत, मालकाला आधी फोन करून, तोडणी चालू असताना. भाव काय मिळाला हे विचारा, आणि पेटी त्याच्याकडूनच घ्या. दुसऱ्या दिवशी वायनरी, आणि तिथे एकच प्रश्न : द्राक्ष कुठल्या गावचं, करार किती वर्षांचा? उत्तर आलं तर बाटली घ्या. नाही आलं तर तसं तोंडावर सांगून बाहेर पडा. गिऱ्हाईकाने विचारल्याशिवाय बाटलीवर गावाचं नाव येत नसतं.

आणि न पिणारा ड्रायव्हर मात्र दोन्ही दिवस सोबत ठेवा.