पायाखालचे धन

(द्वितीय वर्ष बी. ए.)

प्रदूषण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कारखान्यांची उंच धुरांडी उभी राहतात, नाहीतर काळा धूर ओकत जाणारा एखादा ट्रक. इमारत मात्र कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. ती बिचारी जागच्या जागी उभी. तिचा काय अपराध? परंतु हिशेब वेगळेच सांगतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे ऊर्जेच्या वापरातून जगात जो कार्बन वायू हवेत जातो, त्यापैकी सुमारे २६ टक्के इमारतींच्या खात्यावर पडतो. त्यातला काही इमारतीतच जळणाऱ्या कोळशाचा, तेलाचा व गॅसचा. आणि मोठा वाटा इमारतींसाठी दूरच्या केंद्रात वीज तयार करताना निघणाऱ्या धुराचा.

यावर कोणी म्हणेल, मग इमारती गरम करणे सोडून द्या. पण थंड देशांत घर उबदार ठेवणे ही चैन नव्हे, ती जगण्याची गरज आहे. माणसाला ऊबही मिळावी आणि हवाही नासू नये, असा मार्ग हवा. तो मार्ग आपल्या पायाखालून जातो, आणि सरकारने व संस्थांनी त्याचा नेटाने पुरस्कार करावा, असे माझे मत आहे. मी शास्त्र शाखेची विद्यार्थिनी नाही. तरीही हा विषय मला आपला वाटतो, कारण यंत्र कसे असावे हे इंजिनिअर सांगतील, पण ते कोणी, कोठे आणि कोणाच्या पैशाने आधी बसवावे हा प्रश्न समाजाचा आहे.

उन्हाळ्यात विहिरीचे पाणी गार लागते आणि थंडीत पहाटे त्याच पाण्यावर वाफ दिसते, हे खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाणी बदलत नाही, बदलते ती बाहेरची हवा. दहा-पंधरा मीटर खोल गेले की जमिनीचे तापमान बारा महिने जवळजवळ सारखे राहते. ते त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास असते. याच स्थिरतेचा उपयोग ‘ग्राउंड सोर्स हीट पंप’ करतो. मराठीत आपण त्याला भूउष्णता पंप म्हणू. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम झऱ्यांशी याचा संबंध नाही. येथे जमीन गरम असण्याची गरजच नसते.

या यंत्राचे तत्त्व आपल्या ओळखीचे आहे. फ्रीज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. मागे हात नेला तर ती ऊब कळते. भूउष्णता पंप हेच काम मोठ्या प्रमाणावर करतो. जमिनीत शे-दीडशे मीटरपर्यंत भोके घेतात, त्यांत प्लॅस्टिकच्या नळ्या सोडतात आणि नळ्यांतून पाणी किंवा न गोठणारे द्रावण फिरवत ठेवतात. ते जमिनीची ऊब घेऊन वर येते. पंप ती ऊब गोळा करून, तिचे तापमान वाढवून खोल्यांना देतो. उन्हाळ्यात चक्र उलटे फिरते आणि खोलीतली उष्णता जमिनीत जाते. विजेची शेगडी एक युनिट वीज घेऊन एक युनिटच उष्णता देते. हा पंप त्याच एका युनिटात तीन ते चार युनिट उष्णता देतो. यात जादू नाही. पंप उष्णता निर्माण करीत नाही, ती वाहून आणतो. हमालाची मजुरी विजेने द्यायची, माल जमिनीचा!

कल्पनाही आजची नाही. उष्णता पंपाचे तत्त्व लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्ये मांडले. त्यासाठी जमिनीचा उपयोग करण्याचे पेटंट १९१२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हाइनरिख झोएली यांनी घेतले. शंभर वर्षांहून अधिक काळ जी गोष्ट ठाऊक आहे ती घरोघरी का गेली नाही? कारण कोळसा आणि तेल स्वस्त होते, आणि धुराची किंमत कोणीच मोजत नव्हते.

ती किंमत मोजली की काय होते, याचे एक उदाहरण आपणा महाविद्यालयीन मंडळींना विशेष जवळचे वाटेल. अमेरिकेतील इंडियाना राज्यात मन्सी या गावी बॉल स्टेट विद्यापीठ आहे. तेथील इमारती कोळशाच्या चार जुन्या बॉयलरवर गरम होत. बॉयलर बदलण्याची वेळ आली तेव्हा विद्यापीठाने वेगळा विचार केला. २००९ मध्ये काम सुरू झाले. मैदानांखाली आणि गाड्या उभ्या करण्याच्या जागांखाली मिळून सुमारे ३,६०० भोके घेण्याची ही योजना. एकेक भोक चारशे-पाचशे फूट खोल. २०१४ मध्ये तेथील कोळसा जाळणे बंद झाले. ४७ इमारतींना ऊब आणि गारवा पुरवणे व विद्यापीठाचा कार्बन जवळजवळ निम्म्यावर आणणे हे योजनेचे उद्दिष्ट होते. आज वर मुले खेळतात आणि खाली नळ्यांतून पाणी फिरते.

माझे वडील बोअरच्या गाडीवर कामाला आहेत. त्यांना मी हे सांगितले तेव्हा ते क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, “पाणी नको असलेलं बोअर? मग फेल जायची भीतीच नाही की!” आमच्या मराठवाड्यात तीनशे-चारशे फूट जाऊन कोरडे निघालेले बोअर म्हणजे घरावर कर्ज. तेथे मात्र तेवढ्याच खोलीची हजारो भोके पाण्याच्या थेंबाचीही अपेक्षा न ठेवता घेतली गेली. एकच कसब, पण उपयोग किती निराळा!

दुसरे उदाहरण स्वीडनचे. १९७३ च्या तेलसंकटाने तो देश हादरला, कारण तेथील घरे बव्हंशी तेलावर तापत. सरकारने उष्णता पंपांना साहाय्य दिले आणि त्यांचा प्रसार झाला. पण १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास तेल स्वस्त झाले, सवलती आटल्या, घाईघाईने बसवलेल्या काही यंत्रांनी नाव घालवले आणि मागणी कोसळली. पुढे यंत्रांचा दर्जा सुधारला, १९९१ मध्ये कार्बनवर कर बसला, आणि लोकांचा विश्वास परत आला. आज तेथे लाखो घरे जमिनीच्या उबेवर आहेत आणि घरांतली तेलाची भट्टी जवळजवळ नाहीशी झाली आहे. यातून मी एवढेच शिकते की नुसती सवलत वाटणे म्हणजे पुरस्कार नव्हे. चांगले काम करणारी माणसे घडवणे आणि धूर महाग करणे, हेही त्यात आले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप जमिनीचा. जर्मनीतील श्टाउफेन या गावी २००७ मध्ये नगरभवनासाठी अशीच सात भोके घेतली. खाली अॅनहायड्राइट नावाच्या खनिजाचा थर होता. त्यात पाणी शिरले, त्याचे जिप्सम होऊन थर फुगू लागला, गावची जमीन वर उचलली गेली आणि अडीचशेहून अधिक घरांना तडे गेले. हा दाखला विरोधक देतात, आणि तो द्यायलाच हवा. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष ‘भोके घेऊ नका’ असा नसून ‘आधी भूगर्भ तपासा’ असा आहे.

दुसरा आक्षेप विजेचा. वीज कोळशाची असेल तर पंपाने काय साधले? आक्षेप खरा आहे. कोळशाच्या विजेवरचा पंप आणि चांगली गॅसची भट्टी यांत फारसा फरक पडत नाही. पण विजेचा गीझर किंवा शेगडी यांच्याशी तुलना केली तर तेवढ्याच उबेसाठी वीज तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते. शिवाय भट्टी जन्मभर गॅसच जाळणार. पंप मात्र वीज जसजशी सूर्याची आणि वाऱ्याची होईल तसतसा आपोआप स्वच्छ होत जातो.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. भोके घेण्याचा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो आणि बचत हळूहळू पदरात पडते. ज्याला घरभाडे दर महिन्याला जमवावे लागते त्याला वीस वर्षांचा फायदा सांगून काय उपयोग? म्हणून सामान्य माणसाला ‘तू बसव’ असा उपदेश करण्यात मला न्याय दिसत नाही. सुरुवात त्यांनी करावी ज्यांच्याकडे जागा आहे, ज्यांच्या इमारती पन्नास वर्षे उभ्या राहणार आहेत आणि ज्यांना थांबणे परवडते. म्हणजे विद्यापीठे, रुग्णालये, सरकारी कचेऱ्या. जमिनीतल्या नळ्याही अर्धशतक टिकाव्यात अशाच असतात. सार्वजनिक इमारतींनी आधी वाट पाडली की कारागीर तयार होतील, दर उतरतील, आणि मग तीच वाट साध्या घरापर्यंत जाईल.

आपल्याकडे याचे काय, असा प्रश्न उरतोच. भारतात याची खरी जागा प्रथम हिमालयात आहे. लडाखसारख्या प्रदेशात हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो आणि माणसे लाकूड, शेण, केरोसीन जाळून दिवस काढतात. तेथल्या शाळा आणि दवाखाने याचा आधी विचार करण्याजोगे आहेत. महाराष्ट्रात ऊब नको, गारवा हवा. वर ४२ अंशांचे ऊन असताना खाली जमीन २७-२८ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे हवेपेक्षा जमिनीत उष्णता सोडणे यंत्राला सोपे जाते. पण बारा महिने नुसती उष्णता जमिनीत ओतली तर जमीनही हळूहळू तापते. ती परत घेणारा कडक हिवाळा आपल्याकडे नाही. म्हणून येथे ती कोठेही आंधळेपणाने बसवू नये. जेथे गारव्याबरोबर गरम पाणीही रोज लागते, म्हणजे मोठी रुग्णालये आणि वसतिगृहे, तेथे खोलीतून काढलेली उष्णताच अंघोळीच्या पाण्याला देता येईल.

मित्रहो, नव्या इमारतींचे आराखडे आजही रोज मंजूर होत आहेत. रंग पुढे बदलता येतो, खिडक्याही बदलता येतात, पण इमारत उभी राहिल्यावर तिच्याखाली भोके घ्यायला जागा उरत नाही. ज्या दिवशी पायाची आखणी होते त्याच दिवशी तिच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या धुराचा निम्माशिम्मा निर्णय होऊन जातो. म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक मोठ्या सार्वजनिक इमारतीचा आराखडा मंजूर होण्यापूर्वी, खालची जमीन कामी येईल का, याची तपासणी व्हावी आणि तिचे उत्तर लोकांसमोर लेखी मांडले जावे. उत्तर ‘नाही’ आले तरी चालेल. विचारलेच नाही, असे मात्र पुन्हा होऊ नये.