जालका राणी म्हणूनच उभी राहायला हवी

गुजराती नाटकातली सर्वांत मानी आई माळणीच्या वेशात वावरते. रमणभाई नीलकंठ यांच्या ‘राईनो पर्वत’मधली ही जालका. कनकपूरच्या बाहेर तिची बाग आहे आणि मुलगा राई तिची राखण करतो. खरे तर ती राणी अमृतदेवी. तिच्या नवऱ्याला मारून पर्वतरायाने गादी घेतली आणि राई म्हणजे त्या मेलेल्या राजाचा मुलगा जगदीप. सुरतेतल्या मराठी नाट्यमंडळींनी हे नाटक मराठीत आणायला हवे. त्यात जालका कारस्थानी बाई म्हणून रंगवली गेली, तर मात्र नाटकाचा कणाच मोडेल.

सुरतेशी या नाटकाचे नाते रक्ताचे आहे. रमणभाईंचे वडील महीपतराम रूपराम यांचा जन्म १८२९ साली याच शहरात झाला. १८६० साली ते विलायतेला गेले, तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून त्यांच्या नागर ज्ञातीने त्यांना वाळीत टाकले. पुढे त्यांनी गावोगावच्या भवाई या लोकनाट्याचे वेश, म्हणजे छोटी नाटुकली, गोळा करून ‘भवाई संग्रह’ छापला. त्यातल्याच एका दोह्यावरून रमणभाईंना या नाटकाचे बीज मिळाले. कुळाचा अभिमान माणसाला काय करायला लावतो, हे ज्या घराने अंगावर झेलले होते, त्याच घरात जालका जन्मली.

तिचा डाव असा. पर्वतराय म्हातारा आहे, राणी लीलावती तरुण आहे आणि राजाला पुन्हा तारुण्य हवे आहे. माळणीकडे त्याचा उपाय आहे, अशी जालकेने त्याची खात्री पटवलेली असते. पण रात्री चोरपावलांनी बागेत शिरताना तो राईच्याच बाणाने मरतो. दुसरी कुणी असती तर रातोरात पळून गेली असती. जालका मात्र प्रेत लपवते आणि जाहीर करते की, राजा उपचारासाठी सहा महिने भुयारात राहील. सहा महिन्यांनी तरुण होऊन बाहेर येणारा राजा म्हणजे राई!

इतकी वर्षे ती माळीण म्हणून जगली, पण मनाने एक दिवसही माळीण झाली नाही. म्हणूनच ती इतकी थंड डोक्याने वागू शकते. गादी आपली होती, ती परत घ्यायची आहे, मग त्यासाठी खोटे बोलावे लागले तर तो राजनीतीचा भाग, असा तिचा सरळ हिशेब आहे. राईही आधी या बेतात सामील होतो. पर्वतराय म्हणून सिंहासनावर बसायचे तर लीलावतीचा नवरा म्हणून तिच्या महालातही जावे लागेल, हे ध्यानात आल्यावर मात्र त्याचे पाऊल अडते. तिकडे लीलावती तरुण नवऱ्याची वाट पाहत बसलेली. जालकेच्या हिशेबात तिला जागाच नाही. मानी आईच्या डोळ्याला दुसऱ्या बाईचे दुःख दिसत नाही, हे रमणभाईंनी फार धारदारपणे टिपले आहे. अखेर राई खरे काय ते सांगून टाकतो आणि हातात आलेले राज्य सोडतो.

शेक्सपियरच्या ‘कोरिओलेनस’मधली व्होलम्निया याच कुळीतली. मुलाच्या जखमा ती दागिन्यांसारख्या मिरवते. तिच्या विनवणीवरून तो रोमवरचा हल्ला थांबवतो आणि त्यापायीच मारला जातो. तिथे आई जिंकते आणि मुलगा जातो. इथे आईचा बेत फसतो, पण मुलगा पुढे सन्मानाने राजा होतो आणि पर्वतरायाच्या विधवा मुलीशी, वीणावतीशी, लग्न करतो. ज्या काळात विधवाविवाहावरून घरे फुटत होती, त्या काळात हे नाटक लिहिले गेले, हे विसरून चालणार नाही. आईला नकार देता आला म्हणूनच राईला हा दुसरा नकार, रूढीला दिलेला, पेलला.

मराठी प्रेक्षकाला अशी आई नवी नाही. वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या १९६२च्या नाटकात सोयराबाई राजारामासाठी झगडते. पण तिथे नाटक शिवाजी-संभाजी या बापलेकांचे आहे आणि सोयराबाईला त्या दोघांच्या सावलीतच बोलावे लागते. जालकेवर कुणाची सावली नाही. निम्मे नाटक तीच चालवते. एवढ्या ताकदीची बाई मराठी नटीला क्वचितच मिळते.

स्त्रीभूमिकांसाठी गाजलेल्या जयशंकर ‘सुंदरी’ यांनी स्वातंत्र्यानंतर अहमदाबादेत हे नाटक बसवले होते. तरी ‘राईनो पर्वत’ म्हणजे अभ्यासाचे पुस्तक, हा शिक्का काही पुसला नाही. संहिता लांब आहे, भाषा पंडिती आहे, हे खरे. पण सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोलीत घरी मराठी-अहिराणी आणि कामावर गुजराती बोलत वाढलेली पिढी आहे. रमणभाईंची ओळ वाचता वाचता मनात मराठी करणारी माणसे इथेच सापडतील. दोन तासांची रंगावृत्ती सहज निघेल. कात्री लावायची ती दरबारातल्या लांबलचक संवादांना. जालका आणि राई यांच्यातल्या प्रवेशांतला शब्दही काढू नये. जालकेला भुवया उंचावून, आवाज चढवून बोलायला लावू नये. माळणीच्या साध्या लुगड्यात, हातात खुरपे घेऊन, मुलाशी हलक्या आवाजात ती राज्याच्या गोष्टी बोलली पाहिजे. तरच त्याचा नकार तिला कुठे लागतो ते शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल.